टाकीतल्या गोगलगायीचा शंख: आधी शंख वाचावा, मग पाणी सुधारावे

मत्स्यालयातल्या गोगलगायीच्या शंखावर पांढरे चट्टे दिसू लागले, की बहुतेक जण लगेच कॅल्शियमच्या मागे लागतात. समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या आतल्या पांढऱ्या कवचाचा, एखादा तुकडा पाण्यात सोडला जातो, बाटलीतले द्रव कॅल्शियम आणले जाते, आणि दीड-दोन महिन्यांनी पाहावे तर शंख पूर्वीपेक्षा खडबडीत झालेला असतो. असे होते, कारण शंख बिघडण्याच्या दोन निरनिराळ्या तऱ्हा आहेत. एकीत आधीच तयार झालेला जुना शंख पाण्यात विरघळत असतो. दुसरीत जुना शंख शाबूत असतो, पण नवा भाग पातळ, ठिसूळ किंवा वेडावाकडा घडत असतो. पहिल्या बिघाडाचे मूळ पाण्याच्या सामूत, म्हणजे पीएचमध्ये, आणि केएचमध्ये, म्हणजे पाण्याच्या आम्ल मुरवून घेण्याच्या क्षमतेत, शोधावे लागते, तर दुसऱ्याचे कॅल्शियममध्ये आणि आहारात. त्यामुळे पाण्यात काहीही घालण्याआधी आपल्या टाकीत यांपैकी काय चालले आहे हे ठरवावे.

पुढचे विवेचन मुख्यतः मिस्टरी स्नेल या नावाने विकल्या जाणाऱ्या गोगलगायीला धरून केले आहे, कारण तिचा शंख मोठा असतो आणि त्यावरचा बिघाड नुसत्या डोळ्यांनाही लवकर दिसतो. रॅम्सहॉर्न, नेराइट आणि ट्रम्पेट या गोगलगायींनाही त्यातले बहुतेक सर्व लागू पडते.

शंख कसा वाचावा

शंख मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो आणि त्याचे कण प्रथिनांच्या विणीत घट्ट बसवलेले असतात. त्यावर बाहेरून प्रथिनाचाच एक पातळ थर असतो, लाकडावरच्या वार्निशसारखा. शंखाच्या तोंडाशी गोगलगायीच्या अंगाची जी मऊ घडी दिसते तिला प्रावार म्हणतात. नवा शंख ही घडी तयार करते आणि तो फक्त तोंडाच्या काठाशी वाढतो. त्यामुळे शेंडा हा शंखाचा सर्वांत जुना भाग असतो, पिल्लू अंड्यातून बाहेर आले त्या दिवसांतला, आणि काठ हा गेल्या काही दिवसांतला. बाहेरचे वार्निशही काठाशीच चढते. शेंड्यावरचे आवरण एकदा खरवडले गेले की तेथे ते पुन्हा येत नाही आणि खालचे कॅल्शियम कार्बोनेट उघडे पडते. प्रावार जेथपर्यंत पोहोचतो तेथे तो आतून थर देऊन भोक बुजवू शकतो, पण बाहेरच्या बाजूने डागडुजी होत नाही.

गोगलगाय काचेवर चढलेली असताना टॉर्चचा उजेड बाजूने तिरपा टाकावा आणि शंख भिंगातून पाहावा. शेंडा व जुनी वेटोळी खडूसारखी पांढरी, खड्डे पडलेली दिसत असतील, पण काठाजवळचा भाग गुळगुळीत आणि रंगीत असेल, तर शंख विरघळतो आहे असे समजावे. शेंडा चकचकीत असून काठाची शेवटची काही मिलिमीटर पट्टी अर्धपारदर्शक, कागदासारखी किंवा कातरलेली दिसत असेल, तर शंख नीट घडत नाही. दोन्ही खुणा एकत्रही सापडतात, आणि अशा वेळी विरघळणे आधी थांबवावे. जी भिंत रोज झिजते आहे तिच्यावर नवे बांधकाम करण्यात अर्थ नसतो.

बहुतेक शंखांवर आणखी एक खूण असते. गोगलगाय नव्या टाकीत आली त्या वेळी वाढ काही काळ थांबते आणि तेथे आडवी रेघ उमटते. बोटाने हलकेच चाचपले तर ती जाणवतेही. या रेघेच्या शेंड्याकडचा भाग दुकानातल्या पाण्यात घडलेला असतो आणि काठाकडचा आपल्या घरच्या पाण्यात. त्यामुळे आपल्या पाण्याचा गुण पाहायचा असेल, तर रेघेपासून काठापर्यंतची पट्टीच पाहावी.

माझ्या पहिल्या पिवळ्या मिस्टरी स्नेलच्या वेळी मला हे वाचता येत नव्हते. पाणी जितके शुद्ध तितके चांगले, या समजुतीने मी टाकीत आरओचे पाणी भरत होतो. शेंडा पांढरा पडला तेव्हा एका दुकानदाराच्या सल्ल्याने मी द्रव कॅल्शियम घालू लागलो. जीएच, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे माप, बारापर्यंत चढला आणि काठावरची नवी पट्टी सुरेख, जाड, पिवळीधमक आली. शेंडा मात्र झिजतच गेला. पुढे थेंबांच्या किटने केएच मोजला तेव्हा दुसऱ्या थेंबालाच रंग पालटला, म्हणजे तो जेमतेम दोन अंश होता. कॅल्शियम भरपूर असूनही पाणी आम्लाला तोंड देऊ शकत नव्हते, आणि हे त्या एका शंखावर दोन ठिकाणी स्वच्छ दिसत होते.

पाणी शंखाला काय करते

शौचालय साफ करायचे आम्ल शहाबादी फरशीवर सांडले की फेस येतो आणि फरशीचा तुकतुकीतपणा जातो, हे अनेक घरांत पाहिलेले असते. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे आणि चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. टाकीतले आम्ल त्या मानाने फार सौम्य असते, पण ते चोवीस तास शंखाला लागून असते. मासे, वनस्पती आणि जिवाणू यांच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो आणि कार्बोनिक आम्ल तयार होते. हे आम्ल कॅल्शियम कार्बोनेटचे कॅल्शियम बायकार्बोनेट करते, आणि ते पाण्यात सहज विरघळते. रात्री वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालूच राहते, म्हणून पहाटे सामू दिवसातला सर्वांत कमी असतो. ज्या टाकीत वनस्पतींसाठी बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, तेथे हा ऱ्हास आणखी वेगाने होतो. माझ्या मते अशा टाकीत मिस्टरी स्नेल ठेवू नये.

आम्लाचा दुसरा उगम गाळणीत, म्हणजे फिल्टरमध्ये, असतो. माशांचे अन्न आणि विष्ठा यांतला नायट्रोजन जिवाणूंमुळे अखेर नायट्रेटपर्यंत पोहोचतो आणि त्या प्रक्रियेत पाण्यातले बायकार्बोनेट खर्च होते. लिटरमागे ४० मिलिग्रॅम नायट्रेट साठेपर्यंत केएच सुमारे दोन अंशांनी उतरलेला असतो. नळाच्या पाण्याचाच केएच दोन-तीन असेल, तर एवढ्याने पाण्याची सगळी शिल्लक संपते. याशिवाय टाकीतले लाकूड, देशी बदामाची वाळलेली पाने आणि वनस्पतींसाठी मिळणारी काही तयार माती याही सामू खाली ओढतात.

केएच म्हणजे हीच शिल्लक: पाण्यात आम्ल मुरवून घेण्यासाठी किती बायकार्बोनेट आणि कार्बोनेट आहे याचे माप. जीएच म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून किती आहे याचे माप. ही दोन मापे एकमेकांच्या मागून चालतातच असे नाही. जुन्या टाकीत केवळ उडालेल्या पाण्याची भर घालत राहिले, तर क्षार साठून जीएच वाढत जातो आणि त्याच वेळी गाळणीतले आम्ल केएच खात राहते. जीएच चौदा असूनही शंख पांढरा का पडतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

गोड्या पाण्यातल्या गोगलगायी कॅल्शियम अन्नातून घेतात तसे थेट पाण्यातूनही शोषून घेतात. पाण्यात ते फारच कमी असेल तर त्या ते मिळेल तेथून मिळवू पाहतात आणि एकमेकींचे शंख खरवडतात. चार-पाच गोगलगायींपैकी एक सतत दुसरीच्या पाठीवर बसून शंख किसताना दिसली, तर तो नुसता योगायोग समजू नये.

काय मोजावे आणि कसे

आपल्याकडे टाकी ठेवणाऱ्या अनेकांजवळ टीडीएसचे पेन असते आणि त्यावरच्या आकड्यावर ते विसंबतात. टीडीएस पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत याचा अंदाज देतो, पण ते कोणते आहेत हे सांगत नाही. साधे मीठ घातले तरी टीडीएस वाढतो आणि शंखाला त्याचा काडीचाही उपयोग नसतो. या कामासाठी जीएच, केएच आणि सामू मोजणारे थेंबांचे किट घ्यावे. कागदी पट्ट्यांचे अंतर ढोबळ असते आणि दोन व चार अंशांमधला फरक त्यांवर नीट कळत नाही, पण शंखाच्या दृष्टीने नेमका तोच फरक मोलाचा असतो.

बहुतेक किटांत ५ मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकून हलवायचे असते आणि रंग पालटेपर्यंत लागलेले थेंब म्हणजे अंश. केएचच्या चाचणीत निळा रंग पिवळा होतो आणि जीएचच्या चाचणीत नारिंगी रंग हिरवा होतो, अशी सामान्य रीत आहे. तरी आपल्या किटवरची सूचना वाचून घ्यावी. आकडे लहान असतील तर १० मिलिलिटर पाणी घ्यावे, म्हणजे प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा होतो. सामू दोनदा मोजावा, एकदा सकाळी दिवा लावण्याआधी आणि एकदा संध्याकाळी. नळाचे पाणी मोजताना ते बादलीत एक दिवस उघडे ठेवावे, नाहीतर नळीतल्या दाबाखाली विरघळलेला वायू आकडा फसवा दाखवतो.

सोसायटीने बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याची तपासणी केली असेल तर तो अहवाल मागून घ्यावा. त्यात एकूण कठिनता आणि एकूण अल्कता हे दोन आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, मिलिग्रॅम प्रति लिटर असे दिलेले असतात. त्यांना १७.९ ने भागले की अनुक्रमे जीएच आणि केएच मिळतात, म्हणजे कठिनता २१५ असेल तर जीएच १२. मिस्टरी स्नेलसाठी केएच किमान ५, जीएच ८ ते १५ आणि सामू ७.४ ते ८ असावा, असे मी मानतो.

आणखी एक चाचणी जवळजवळ फुकट होते. मेलेल्या रॅम्सहॉर्नचा रिकामा शंख घ्यावा, त्याची एक बाजू पॉलिश पेपरने हलकेच घासून वरचे आवरण काढावे, शंख दोऱ्याने बांधून टाकीत सोडावा आणि महिन्याने भिंगाखाली पाहावा. घासलेली जागा तशीच असेल तर पाणी ठीक आहे. ती खोलगट, पिठूळ झाली असेल, तर जिवंत गोगलगायीच्या उघड्या शेंड्यावरही तेच चालले आहे.

केएच सावरणे

सर्वांत सोपा आणि टिकाऊ उपाय म्हणजे कार्बोनेट असलेला पदार्थ गाळणीत ठेवणे. पुस्तकांत यासाठी प्रवाळाचा चुरा सांगतात, परंतु भारतात प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे आणि किनाऱ्यावरून ते उचलून आणणे योग्य नाही. त्याची गरजही नाही. घरी तिसऱ्या होतात त्यांची रिकामी शिंपले तितकीच उपयोगी आहेत. ती उकळून घ्यावीत, साबण न लावता ब्रशने घासावीत, कडक उन्हात वाळवावीत आणि खलबत्त्यात मसूरडाळीएवढ्या तुकड्यांपर्यंत कुटावीत. धुऊन घेतलेला हा चुरा मूठभर प्रमाणात जाळीच्या पिशवीत भरून, गाळणीत पाणी वाहते त्या जागी ठेवावा. मासे न खाणाऱ्या घरांत संगमरवराची खडी चालते, फक्त ती अधिक सावकाश विरघळते. खडी नक्की संगमरवराची आहे का हे पाहण्यासाठी तिच्यावर लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आले तर ती कामाची. आपला नेहमीचा काळा दगड बुडबुडे देत नाही आणि केएचही वाढवत नाही.

या चुऱ्याचा मोठा गुण असा, की पाणी जितके आम्ल तितका तो जास्त विरघळतो आणि सामू आठच्या आसपास पोहोचला की जवळजवळ थांबतो, म्हणून मात्रा चुकण्याचे भय राहत नाही. दोष असा, की तो धीमा आहे आणि काही महिन्यांत त्यावर बुळबुळीत थर चढतो. दर दोन महिन्यांनी पिशवी काढून चोळून धुवावी. समुद्रफेसाचा एकच तुकडा अनेकदा पुरत नाही तोही याच धीमेपणामुळे: आम्ल तयार होण्याचा वेग त्याच्या विरघळण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो.

केएच एक-दोनवर आला असेल आणि शंख डोळ्यांदेखत झिजत असेल, तर चुऱ्याची वाट न पाहता खाण्याचा सोडा वापरावा. १०० लिटर पाण्याचा केएच एक अंशाने वाढवण्यास ३ ग्रॅम सोडा लागतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत वाळू-दगड वगळता साधारण ४५ लिटर पाणी मावते, तिला अंशामागे १.३५ ग्रॅम पुरतो. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा यासाठी घ्यावा, कारण चमच्याच्या अंदाजाने चूक होते. दिवसाला एका अंशापेक्षा जास्त वाढ करू नये. बेकिंग पावडर आणि धुण्याचा सोडा हे वेगळे पदार्थ आहेत आणि ते टाकीत घालू नयेत. पानाच्या डबीतला चुना तर कदापि घालू नये: त्यात कॅल्शियम असते हे खरे, पण तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे, आणि त्याने सामू एकदम इतका चढू शकतो की मासे व गोगलगायी दोन्ही मरतील.

नवा शंख पातळ येत असेल तर

केएच ठीक असून काठ पातळ येत असेल, तर जीएच पाहावा. जीएच कमी असल्यास शंभर लिटरमागे एका अंशासाठी दोन रेणू पाणी असलेले कॅल्शियम क्लोराइड सुमारे २.६ ग्रॅम लागते. ते विरघळताना पाणी गरम होते, म्हणून आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून गार होऊ द्यावे. ते आणि सोडा यांची दाट द्रावणे एकमेकांत कधीही मिसळू नयेत, नाहीतर तिथल्या तिथे पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. एक सकाळी, एक संध्याकाळी घालावे. एप्सम मीठ घालून जीएच वाढवू नये. त्याने आकडा वाढतो, पण ते मॅग्नेशियम असते आणि शंखाचे बांधकाम कॅल्शियमचे आहे.

बोअरचे पाणी उपलब्ध असेल तर रसायनांची बरीच यातायात वाचते. दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी सामान्यतः कठीण असते. नळाच्या पाण्याचा जीएच ३ आणि बोअरचा २० असेल, तर दोन भाग नळाचे आणि एक भाग बोअरचे मिसळून तो साडेआठच्या पुढे जातो आणि केएचही बहुधा सोबत वाढतो. मिश्रण ठरवताना मात्र दोन्ही आकडे मोजून घ्यावेत, कारण मीठ घालून पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेले असते. कोकणातल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी तर बऱ्याचदा मऊ आणि किंचित आम्लधर्मी निघते, तेव्हा विहिरीचे म्हणजे कठीण, असे गृहीत धरू नये.

जीएचही योग्य असेल आणि तरी काठ कागदासारखा येत असेल, तर दोष ताटात आहे. काकडी आणि दोडक्यावर वाढवलेल्या गोगलगायीला कॅल्शियमही पुरत नाही आणि शंखाच्या विणीसाठी लागणारी प्रथिनेही. पालकात कॅल्शियम दिसते, पण ऑक्झलेटमुळे त्यातले थोडेच अंगी लागते. शेवग्याचा पाला मला सर्वांत उपयुक्त वाटला. तो मऊ शिजवून वाटावा, त्यात माशांचे खाद्य आणि अंड्याच्या टरफलाची वस्त्रगाळ पूड मिसळावी आणि विरघळवलेल्या चायना ग्रासमध्ये घालून वड्या पाडाव्यात. टरफलाच्या आतला पापुद्रा आधी काढून टाकावा. नखाएवढी वडी एका गोगलगायीला पुरते. उरलेला तुकडा दोन-तीन तासांत बाहेर काढावा, कारण सडणारे अन्न पुन्हा आम्लच वाढवते. लहान, झपाट्याने वाढणाऱ्या गोगलगायींना हा आहार एक दिवसाआड द्यावा. मोठ्यांना आठवड्यातून दोनदा पुरतो.

उपायाचा परिणाम दोन-तीन आठवड्यांत काठावर दिसतो. शेंड्यावर तो कधीच दिसणार नाही, तेथे फक्त झीज वाढत नाही एवढेच पाहायचे. नेराइट आणि ट्रम्पेट गोगलगायींचा शेंडा निसर्गातही झिजलेला आढळतो, म्हणून त्यांच्या बाबतीत शेंड्याच्या थोड्याशा पांढरेपणाने घाबरून जाऊ नये. दर पंधरा दिवसांनी त्याच बाजूने, शेजारी रुपयाचे नाणे धरून फोटो काढावा. डोळ्यांना रोज पाहून न कळणारा फरक दोन फोटो शेजारी ठेवले की कळतो.

पावसाळ्यात

सह्याद्रीतल्या धरणांचे पाणी मुळातच मऊ असते. पावसाळ्यात त्यात पावसाचे पाणी मिसळून ते आणखी मऊ होते. गढूळपणा वाढल्यामुळे जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीसारखे पदार्थ जास्त वापरावे लागतात आणि तुरटी गाळ खाली बसवताना पाण्यातले बायकार्बोनेटही खर्च करते. मे महिन्यात चार असलेला नळाचा केएच जुलैत दोनवर आलेला मी मोजला आहे. याच दिवसांत टँकर बंद होतात, सोसायटीच्या टाकीत बोअरचे पाणी मिसळेनासे होते, आणि ज्यांच्या टाकीचे गणित उन्हाळ्यात त्या मिश्रणावर बसलेले होते त्यांना हा बदल दुप्पट जाणवतो. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला पाणी बदलण्याआधी बादलीतल्या पाण्याचा केएच मोजावा आणि तो कमी असेल तर टाकीत ओतण्याआधी बादलीतच दुरुस्त करावा. १५ लिटरच्या बादलीला दोनवरून पाचवर आणण्यास सव्वा ते दीड ग्रॅमच्या दरम्यान सोडा लागतो. शिंपल्यांच्या चुऱ्याची पिशवी मे अखेरीसच धुऊन, अर्धा चुरा नवा घालून गाळणीत परत ठेवावी.